हिवाळ्यात जुन्या स्पोर्ट्स कारने दूरचा प्रवास: तयारीपासून परतीपर्यंत

जुनी स्पोर्ट्स कार थंडी सुरू झाली की झाकून ठेवायची आणि ऊन पडू लागल्यावर बाहेर काढायची, हा बहुतेक मालकांचा शिरस्ता असतो. तो सोयीचा आहे, पण या गाड्यांच्या स्वभावाला धरून नाही. १९११ साली सुरू झालेली मॉन्टे कार्लो रॅली ऐन जानेवारीत होत असे. स्पर्धक युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून निघून बर्फातून, रात्रंदिवस गाडी चालवत भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचत. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी मिनी कूपर एस घेऊन ती जिंकली आणि १९६८ मध्ये विक एल्फर्ड यांनी पोर्शे ९११ घेऊन. म्हणजे थंडीत धावणे हे या यंत्रांना मुळीच नवे नाही. मधल्या पन्नास-साठ वर्षांत वायरिंगचे जोड सैल झाले, रबर कडक झाले, पत्र्याच्या पोकळ्यांमध्ये ओल साचली, आणि हिवाळ्यात गाडी बंद पडते ती बहुधा या कारणांनी. नुसत्या थंडीने ती क्वचितच बंद पडते. त्यामुळे तयारीचा रोख तीन गोष्टींवर असावा: वीज, ओलावा आणि मीठ.

पुढील विवेचन साधारण १९५० ते १९७५ या काळातल्या, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) असलेल्या, बारा व्होल्टच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना धरून केले आहे. तापमान शून्याच्या आसपास किंवा त्याखाली राहील आणि प्रवास अनेक दिवसांचा असेल, असे गृहीत धरले आहे.

दोन महिने आधी: गाडीची निवड आणि परीक्षा

नुकतीच संपूर्ण पुनर्बांधणी होऊन आलेली गाडी अशा प्रवासाला नेऊ नये. तिच्यातले प्रत्येक जोडकाम नवे असते, कोणते नटबोल्ट सैल होणार आहेत हे अजून कळलेले नसते, आणि नव्या रंगावर मिठाचे पाणी उडवणे हे मनाला न पटणारे काम आहे. वर्षभर नियमित चाललेली, दिसायला बेताची पण यंत्राने शहाणी असलेली गाडी सर्वांत चांगली. ज्या गाडीच्या पत्र्याला आधीच भोके आहेत, तिने मात्र घरीच थांबावे, कारण मीठ तिथूनच आत शिरते.

गाडी जॅकवर उभी करून, किंवा शक्य असल्यास लिफ्टवर चढवून, खालून नीट पाहावी. ब्रेकचे धातूचे पाइप, रबरी होज, पेट्रोलची नळी, सायलेन्सरचे सांधे, हातब्रेकची केबल, स्टिअरिंगचे रबरी बूट यांवर हात फिरवावा. हातब्रेकची केबल जिथे आवरणात शिरते तिथे पाणी साठते आणि रात्री गोठते. ती काढून, वाळवून, ग्रीस भरून परत बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण ते केलेले बरे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर पूर्ण बदलावे. डॉट ४ जातीच्या ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचे डॉट ५ कधीही मिसळू नये.

विम्याची कागदपत्रेही याच वेळी वाचावीत. जुन्या गाड्यांच्या पॉलिसींमध्ये वर्षाला किती अंतर चालवता येईल यावर मर्यादा असते, आणि काहींमध्ये गाडी रात्री बंदिस्त जागेतच उभी असली पाहिजे अशी अट असते. प्रवासात ती पाळणे शक्य होईलच असे नाही.

विजेचा जमाखर्च

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण हिवाळी प्रवासातल्या बहुसंख्य अडचणी इथून सुरू होतात. उन्हाळ्यात दिवसा चालणाऱ्या जुन्या गाडीला इग्निशन आणि पेट्रोल पंप सोडून विशेष वीज लागत नाही. हिवाळ्यात मात्र दिवे, वायपर आणि हीटरचा पंखा हे तिन्ही एकाच वेळी, तासन् तास चालू राहतात.

उदाहरणादाखल एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्या घेऊ. त्यांत लुकास कंपनीचा सी-४० जातीचा डायनॅमो (इंजिनच्या जोरावर फिरून वीज देणारे यंत्र) होता आणि त्याची कमाल क्षमता साधारण २२ अँपिअर. आता खर्च मांडू. हेडलाइटचे दोन दिवे खालच्या झोतावर प्रत्येकी ४५ वॉटचे धरले, तर साडेसात अँपिअर होतात. मागचे-पुढचे लहान दिवे आणि डॅशबोर्डचे दिवे मिळून दोन-अडीच. इग्निशन कॉइलला साडेतीन, वायपरच्या मोटरला साडेतीन, हीटरच्या पंख्याला साडेतीन, पेट्रोल पंपाला एक. बेरीज २१ ते २२ च्या घरात जाते. ब्रेकवर पाय ठेवला की मागचे दोन दिवे आणखी साडेतीन अँपिअर मागतात. म्हणजे डायनॅमो पूर्ण जोरात फिरत असतानाही बॅटरीच्या वाट्याला काहीच उरत नाही. आणि इंजिन संथ फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नसल्याने वाहतूक तुंबलेली असेल, तर सगळा भार बॅटरीवर येतो. त्यात सकाळी सेल्फने खर्च केलेला प्रवाह भरून काढायचाच राहिलेला असतो.

डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, म्हणजे त्याच कामाचे पण जास्त वीज देणारे यंत्र, असलेल्या गाड्यांची स्थिती बरीच चांगली असते. जॅग्वार ई-टाइपला तो १९६४ च्या ४.२ लिटरच्या आवृत्तीपासून मिळाला आणि एमजीबीला १९६७ च्या अखेरीस. आपली गाडी डायनॅमोची असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवणे. दूरच्या हिवाळी प्रवासापुरता माझा कल या मार्गाकडे आहे, कारण मूळ डायनॅमो कपाटात जपून ठेवता येतो आणि परतल्यावर पुन्हा बसवता येतो. दुसरा मार्ग खर्च कमी करण्याचा: मागचे, बाजूचे आणि डॅशबोर्डचे दिवे एलईडीचे करणे आणि रोज रात्री बॅटरी चार्जरला लावणे. हेडलाइटमध्ये एलईडी घालण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. जुन्या परावर्तकात त्यांचा झोत विस्कटतो आणि अनेक देशांत ते नियमबाह्यही ठरते.

इथे ध्रुवांची एक गोष्ट कटाक्षाने तपासावी. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. अशा गाडीला आजचा अल्टरनेटर, एलईडी किंवा फोन चार्जर तसाच जोडला तर तो जळतो. जंप केबल लावण्याची वेळ येते तेव्हा मदतीला आलेल्या माणसाला याची कल्पना नसते, म्हणून बॅटरीच्या झाकणावर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे.

बॅटरी स्वतः किती सशक्त आहे, हे साध्या मल्टिमीटरने कळते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे; १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी रिकामी. उणे १८ अंश सेल्सिअसला पूर्ण भरलेली बॅटरीही आपल्या नेहमीच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच देऊ शकते, आणि त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल सेल्फकडून दुप्पट कष्ट मागत असते. शिवाय रिकामी झालेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटू शकते, भरलेली सहसा नाही. म्हणून पाच वर्षे झालेली बॅटरी जाण्याआधी सरळ बदलावी. एमजीबीसारख्या ज्या गाड्यांमध्ये सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, तिथे दोन्हींचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे, कारण एक दुबळी असली की दुसरीही तिच्याबरोबर ओढली जाते.

यानंतर सांध्यांकडे वळावे. बॅटरीपासून सांगाड्याकडे आणि इंजिनपासून सांगाड्याकडे जाणाऱ्या जाड पट्ट्या काढून, दोन्ही बाजूंचा धातू चकचकीत घासून, पेट्रोलियम जेली लावून घट्ट बसवाव्यात. फ्यूजच्या डबीतले पितळी चिमटे हिरवे पडलेले असतील तर तेही घासावेत. हेडलाइटसाठी रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बसवला तर जुन्या स्विचवरचा भार कमी होतो आणि दिवे डोळ्यांना जाणवेल इतके उजळतात. शेवटी एक व्होल्टमीटर डॅशबोर्डवर दिसेल असा लावावा. गाडी चालू असताना काटा साडेतेराच्या वर राहिला पाहिजे. दिवे, वायपर आणि पंखा लावल्यावर तो बाराकडे घसरत असेल, तर पंखा अधूनमधून बंद ठेवण्याची वेळ आली, असे समजावे.

शीतक, थर्मोस्टॅट आणि हीटर

रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर एका रात्रीत इंजिन ब्लॉक तडकू शकतो. इथिलिन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. जास्त ग्लायकॉल घातले की संरक्षण वाढेल, हा समज चुकीचा आहे: शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या जवळच गोठते. जुन्या इंजिनांमध्ये तांबे, पितळ आणि शिशाचे डाख असतात, म्हणून त्यांच्यासाठीच बनवलेले जुन्या पद्धतीचे शीतक घ्यावे आणि निरनिराळ्या प्रकारची शीतके एकमेकांत मिसळू नयेत. बदलताना रेडिएटरबरोबर इंजिन ब्लॉकचीही कळ उघडावी. नाही तर निम्मे जुने पाणी आतच राहते. ती कळ गाळाने बंद झालेली असते आणि उघडूनही थेंब येत नाही, तेव्हा तारेने हळूच टोकरले की आधी तांबडा गाळ आणि मग पाणी येते. सांडलेले शीतक लगेच धुऊन टाकावे, कारण ते गोडसर लागते, विषारी असते, आणि कुत्र्या-मांजरांना त्याची चव आवडते.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत शीतकाला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, हिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून अनेकांनी तो काढून टाकलेला असतो. हिवाळ्यात त्याशिवाय इंजिन कधी गरमच होत नाही: पेट्रोल नीट जळत नाही, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि हीटरमधून थंड वारा येतो. ब्रिटिश गाड्यांना सहसा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असतो आणि थंड प्रदेशासाठी ८८ अंशांचाही मिळत असे, तो घालावा. तरीही काटा वर चढत नसेल, तर रेडिएटरच्या खालच्या एक-तृतीयांश भागापुढे पुठ्ठा लावण्याची जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते, फक्त चढाच्या रस्त्यावर काट्याकडे लक्ष ठेवावे.

हीटरची कळ इंजिनवर असते आणि वर्षानुवर्षे बंद राहिल्याने ती चिकटते. ती मोकळी करावी आणि हीटरची जाळी दोन्ही दिशांनी पाणी सोडून धुवावी. काचेकडे जाणारे पुठ्ठ्याचे किंवा कापडाचे नळ फाटलेले असतील तर सगळी उष्णता डॅशबोर्डखालीच संपते आणि काचेवर वाफ धरते. या नळांचे काम पंधरा मिनिटांचे असते आणि त्याचा फायदा रोज मिळतो.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांचा, म्हणजे पोर्शे ३५६ किंवा जुन्या ९११ चा, विचार वेगळा करावा लागतो. त्यांचा हीटर एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या आवरणातून गरम हवा आत आणतो. त्या नळीला भोक पडले तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो, आणि त्याला रंग नसतो, वासही नसतो. निघण्यापूर्वी ही आवरणे उतरवून तपासावीत. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा लहान सूचक कोणत्याही जुन्या गाडीत ठेवावा, कारण मागची काच किंवा कापडी छताची फट उघडी असली की धूर मागून आत ओढला जातो.

ऑइल, कार्ब्युरेटर आणि इग्निशन

२० डब्ल्यू-५० हे अनेक जुन्या इंजिनांचे नेहमीचे ऑइल आहे. यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो. तापमान शून्याच्या बरेच खाली जाणार असेल तर जुन्या इंजिनांसाठीचेच, पण १० किंवा १५ डब्ल्यूचे ऑइल घालावे. मूळ पुस्तिकेत तापमानानुसार ऑइलचा तक्ता असतोच. तो पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणे ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते, पण ओळखता येत नाही. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषते, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या घशाचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच खाली जाते आणि हवेतला दमटपणा तिथे बर्फ होऊन साठतो. कडाक्याच्या थंडीत हवा कोरडी असते, म्हणून हा त्रास कमी असतो. धुके आणि तीन ते दहा अंश तापमान असले की तो सर्वाधिक होतो. लक्षणे अशी: सलग वेगाने जात असताना गाडीची ओढ कमी होते, थांबल्यावर इंजिन संथ चालत नाही, बंद पडते, बॉनेट उघडून पाच-दहा मिनिटे काय बिघडले ते शोधावे, तर काहीच सापडत नाही आणि गाडी पुन्हा नीट सुरू होते. त्या पाच मिनिटांत इंजिनच्या उष्णतेने बर्फ वितळलेला असतो. अनेक गाड्यांच्या एअर फिल्टरचे तोंड हिवाळ्यात एक्झॉस्टच्या बाजूला वळवण्याची सोय असते, ती वापरावी. उघड्या कर्ण्यांचे वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर असतील, तर त्यांवर मूळ फिल्टरची पेटी आणि गरम हवेची नळी बसवावी, मग ते कितीही कमी रुबाबदार दिसले तरी चालेल.

ब्रिटिश गाड्यांत नेहमी दिसणाऱ्या एसयू जातीच्या कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीत घालायचे ऑइल पातळच असावे. तिथे घट्ट ऑइल घातले तर थंडीत पिस्टन उशिरा उठतो, मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि प्लग काळे पडतात. चोकची (थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचे प्रमाण वाढवणाऱ्या कळीची) केबल पूर्ण परत जाते की मधेच अडकते, हेही पाहावे. चोक थोडासा ओढलेला राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन नेते.

इग्निशनमध्ये ओलावा हा मुख्य शत्रू. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज पोहोचवणाऱ्या भागाची) टोपी आतून-बाहेरून पुसून भिंगाखाली पाहावी. दोन टोकांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून ठिणगी पळते आहे, असे समजून टोपी बदलावी. प्लगच्या वायरी रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून आणि वर पाण्याची बारीक फवारणी करून तपासाव्यात: निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर सगळा संच नवा घ्यावा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले असले तरी ठिणगीची वेळ साधणारे मूळ पॉइंट आणि कंडेन्सर बसवलेली जुनी तबकडी डिकीत असू द्यावी. हल्ली बनणारे कंडेन्सर आणि रोटर आर्म पूर्वीइतके टिकत नाहीत, ही सर्वदूर तक्रार आहे. म्हणून सुटे भाग नवे, न वापरलेले नेण्यापेक्षा काही दिवस गाडीत चालवून पाहिलेले न्यावेत.

टायर

टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, उदाहरणार्थ ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचे टायर हिवाळ्यात वापरू नयेत, कारण त्यांचे रबर लाकडासारखे झालेले असते. साधारण सात अंशांखाली उन्हाळी रबर कडक होऊ लागते, म्हणून डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले हिवाळी टायर घ्यावेत. जुन्या मापांत निवड कमी असते, पण १६५ आर १५ सारख्या अरुंद मापांत ते मिळतात, आणि बर्फात अरुंद टायर खरे तर जास्त उपयोगाचा असतो: तो वर तरंगत नाही, बर्फ कापून खालच्या थराला पकडतो. वाटेतल्या देशांचे नियमही पाहावेत. जर्मनीत २०१० पासून हिवाळी परिस्थितीत असे टायर सक्तीचे आहेत. तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे एक पौंडाने कमी होते, म्हणून दाब रोज सकाळी, टायर थंड असताना पाहावा.

तारांच्या स्पोकची चाके असतील तर साखळ्या लावण्याआधी घरीच एकदा बसवून, चाक हाताने फिरवून, ब्रेकच्या होजला किंवा पत्र्याला साखळी घासत नाही ना हे पाहावे. हबच्या दात्यांना नवे ग्रीस लावावे आणि मधला नट सैल करण्याचा हातोडा विसरू नये. तो विसरला तर पंक्चर झालेले चाकही काढता येत नाही.

मिठापासून बचाव

बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर बहुधा साधे मीठ टाकतात. ते उणे नऊ-दहा अंशांपर्यंत उपयोगी पडते. त्याखाली कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरले जाते, आणि ते हवेतली ओल ओढून घेत असल्याने पत्रा सतत ओलसर ठेवते. निघण्याआधी दाराखालच्या पोकळ्या, चाकांवरच्या कमानींच्या आतील कडा आणि सांगाड्याच्या पेट्या यांत पातळ मेण फवारून घ्यावे. मेण पत्र्याच्या सांध्यांत मुरायला वेळ लागतो, म्हणून हे काम किमान दोन आठवडे आधी आणि शक्यतो उबदार दिवशी करावे. दारांच्या आणि पोकळ्यांच्या तळाशी पाणी बाहेर जाण्याची छिद्रे असतात. मेणाने ती बुजली तर केलेल्या कामाचा उलटाच परिणाम होतो. उघड्या क्रोमला मेणाचा जाड थर द्यावा आणि तो प्रवासभर तसाच राहू द्यावा.

मार्ग, सामान आणि रंगीत तालीम

हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि जुने दिवे मंद असतात, म्हणून रोजचा टप्पा अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वर ठरवू नये. उंच घाटरस्ता दुपारी, ऊन असताना पार पडेल असा बेत असावा आणि घाट बंद झाल्यास दुसरा रस्ता आधीच ठरलेला असावा. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये: अडकून पडल्यास इंजिन चालवता येते आणि रिकाम्या टाकीत ओल धरण्याचा प्रश्नही राहत नाही.

सामानाची यादी प्रत्येकाची वेगळी होईल, पण फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म, प्लग, फ्यूज, बल्ब, चोक आणि ॲक्सिलरेटरची केबल, इन्सुलेशन टेप, मऊ तार, जंप केबल, टो दोरी, अग्निशामक, त्रिकोणी इशारा-फलक, डोक्याला बांधायची विजेरी, फावडे, जाड हातमोजे आणि दोन घोंगड्या हे सगळ्यांनाच लागते. वाळूची एक पिशवी मागच्या आसाच्या अगदी वर, हलणार नाही अशी बांधून ठेवावी. ती आसाच्या मागे ठेवली तर वळणावर गाडीचा मागचा भाग झोल घेतो. चाक फिरून फिरून जागीच राहिले तर हीच वाळू त्याखाली टाकता येते.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, पाऊस असलेल्या रात्री दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालवून पाहावी: दिवे, वायपर, पंखा सगळे चालू, सामान भरलेले, सोबती शेजारी बसलेला. दिवसा कोरड्या रस्त्यावर केलेल्या चाचणीत जे कळत नाही ते इथे दोन तासांत कळते. कुठून पाणी गळते, काच किती लवकर धुरकट होते, व्होल्टमीटर कुठे स्थिरावतो. या चाचणीनंतर सापडलेले दोष सोडून दुसरे काहीही बदलू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी घातलेला नवा भाग हा वाटेत बिघडणारा पहिला भाग ठरण्याची शक्यता मोठी असते.

रोजची सकाळ

काचेवरचा बर्फ प्लास्टिकच्या खरडणीने काढावा. गरम पाणी ओतले तर काच तडकू शकते. कापडी छत गोठलेले असताना उघडू नये, कारण थंडीत व्हिनाइल आणि मागची प्लास्टिकची खिडकी घडीवर फुटतात.

विद्युत पंप असेल तर आधी चावी फिरवून त्याची टिकटिक थांबेपर्यंत वाट पाहावी, मग चोक पूर्ण ओढून सेल्फ द्यावा. एका वेळी पाच-सहा सेकंदांहून जास्त नको, आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती द्यावी. क्लच दाबून ठेवला तर गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल फिरवण्याचा भार वाचतो. ट्रायम्फच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांचे मालक यावर हरकत घेतील, कारण क्लच दाबल्याने क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर ऑइल पोहोचण्याआधीच दाब येतो. त्यांनी हे वॉशर निघण्याआधी मोजून घ्यावेत. ते ठीक असतील तर कडक थंडीत क्लच दाबणेच मला योग्य वाटते.

इंजिन सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे उभ्या उभ्या गरम करत बसू नये. अर्ध्या-एक मिनिटात ऑइलचा दाब स्थिरावला की हळूच निघावे, चोक जमेल तसा आत ढकलत राहावे आणि पहिले दहा किलोमीटर इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नये. पाण्याचा काटा लवकर वर येतो, ऑइल त्यामानाने बरेच उशिरा गरम होते. थंडीत दिसणारा ऑइलचा उंच दाब ऑइल घट्ट असल्याचे सांगतो. सगळीकडे ते पोहोचल्याची ती खूण नव्हे.

रस्त्यावर

बर्फाची घसरण उणे पंधरा अंशांपेक्षा शून्याच्या आसपास जास्त असते, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. पूल सर्वांत आधी गोठतात, त्यांना खालूनही थंड हवा लागते. एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) नसलेल्या गाडीत ब्रेक अगदी हलका, आधीपासून आणि सरळ रेषेत लावावा. ड्रम ब्रेक ओले झाले की पहिल्या दाबाला पकडत नाहीत, म्हणून चिखल-पाण्यातून गेल्यावर मोकळ्या रस्त्यावर पायाने हलका दाब देऊन ते वाळवून घ्यावेत. घसरड्या जागी दुसऱ्या गिअरमध्ये निघावे. इंजिन मागे असलेल्या गाडीत वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर झटकन सोडू नये, तसे केले की मागचा भाग बाहेर फेकला जातो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत उलट ॲक्सिलरेटर जपून दाबावा. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) असेल तर तो वळणावर चालू-बंद करू नये.

या गाड्यांचे पोट जमिनीपासून पाच-सहा इंचांवरच असते. मोठ्या वाहनांच्या चाकोऱ्यांमध्ये उरलेला कडक बर्फाचा बांध सायलेन्सर उखडू शकतो, किंवा गाडी त्यावर चढून चारही चाके अधांतरी राहतात. बर्फ पोटाच्या उंचीला पोहोचला की तिथून मागे वळावे.

संध्याकाळ आणि परतीनंतर

मुक्कामी गाडी सपाट जागी, गिअरमध्ये उभी करावी. हातब्रेक ओढू नये, चाकांना अडणी लावावी. वायपर उचलून ठेवावेत, दारांच्या रबरांना सिलिकॉन लावावे आणि बॅटरी चार्जरला जोडावी. ओल्या, मीठ लागलेल्या गाडीवर कव्हर घालू नये: रंगावर ओरखडे पडतात आणि आत दमटपणा कोंडतो. गरम केलेल्या गॅरेजचा मोह होतो, पण मीठ न धुता तिथे गाडी ठेवली तर उबेमुळे गंजण्याचा वेग वाढतो. त्यापेक्षा थंड, कोरडे शेड चांगले. शक्य होईल तेव्हा पोटाखालून थंड पाण्याचा भरपूर मारा करावा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावा, जरी ठरलेले अंतर झालेले नसले तरी. चोकमुळे त्यात पेट्रोल आणि ओल मिसळलेली असते. झाकणाखाली पिवळसर फेस दिसला तर तो याच ओलीचा. चाके काढून ड्रम आणि कॅलिपर स्वच्छ धुवावेत, स्पोकच्या मुळाशी अडकलेले मीठ ब्रशने काढावे, पायाखालचे गालिचे उचलून खालचा पत्रा कोरडा करावा. पोकळ्यांमधली छिद्रे पुन्हा तारेने मोकळी करावीत आणि गाडी पूर्ण वाळल्यावर, जिथे मेण निघून पत्रा उघडा पडला असेल तिथे त्याचा दुसरा हात द्यावा.